आईची भावंडे : निरंक

तुकिजान येणार हे विर्योने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते बायको गेल्याच्या हजाराव्या दिवशी सकाळी, नारळ सोलता सोलता. जणू नारळाबद्दलच काही बोलायचं होतं.

"एक पान वाढव," तो थोरल्या लेकीला म्हणाला. "तुझा मामा येतोय."

वार्सी कोंबडीच्या पोटात मसाला भरत होती. तिचा हात तिथेच थांबला. "कुठला मामा?"

"तुला मामा आहेत तरी किती?"

वार्सीने हात बाहेर काढला, धुतला, आणि नवऱ्याला हाक मारायला ओसरीवर गेली. विर्यो पुढचा नारळ घेऊन बसला. हे असंच होणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो आजपर्यंत गप्प होता. सुतिनाह असती तर म्हणाली असती, तुम्ही सगळ्या गोष्टी शेवटच्या घटकेला सांगता, लग्नाचं विचारायलाही तसेच आला होतात. खरं होतं ते.

जावई आत आला. मारसुदी हा आळीचा प्रमुख. कोणाकडे कोण मुक्कामाला आलं, कोण कुठे गेलं, याची वही त्याच्याकडे असे. निवडणूक आठवड्यावर आली होती आणि तो सरकारी पक्षाचा, वडाचं झाड छापलेला पिवळा सदरा घालून हिंडत होता. गावाची वेस पिवळी झाली होती, पुलाचे कठडे पिवळे झाले होते, शाळेच्या कुंड्यासुद्धा सुटल्या नव्हत्या. जनरलसाहेब सोळा वर्षं राज्य करत होते, पण या गावात एकदाही आले नव्हते. गरजच पडली नव्हती. मारसुदी होता.

"बाबा, हे खरं आहे?"

"दहाच्या गाडीने येतोय. पत्र मीच टाकलं होतं."

"आज? या आठवड्यात?"

"हजारावा दिवस या आठवड्यात आला त्याला मी काय करू? तुझ्या सासूने मरताना निवडणुकीची तारीख विचारली नव्हती."

मारसुदी खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता. सासऱ्याचं छप्पर त्यानेच शाकारून दिलं होतं, सासूच्या आजारपणात तीन महिने रोज सायकलवर औषध आणलं होतं. फक्त त्याला भीती वाटायची, आणि भीतीला तो शिस्त म्हणायचा.

"बाबा, रुमीच्या दाखल्याचं तुम्हाला माहीत आहे ना?"

रुमी ही धाकटी. एक वर्ष गावच्या शाळेत हंगामी शिकवत होती. आता सरकारी शाळेत कायमची नेमणूक होणार होती, फक्त स्वच्छ परिसराचा दाखला यायचा होता. नाव असं की वाटावं दारापुढची गटारं बघायला माणूस येणार. पण बघायचे ते नातेवाईक. आई, बाप, भावंडं, काका, मामा, यांतलं कोणी पासष्ट सालच्या भानगडीत, म्हणजे कम्युनिस्टांच्या धरपकडीत, होतं का, एवढंच.

"त्याचा अर्ज मी भरलाय," मारसुदी म्हणाला. "महिन्यापूर्वी. माझ्याच सहीने पुढे गेलाय."

"मग?"

"त्यात आईची भावंडे असा रकाना आहे."

"मग?"

मारसुदीने बायकोकडे पाहिलं. बायकोने कोंबडीकडे पाहिलं.

"निरंक लिहिलंय," तो म्हणाला.

विर्योने कोयता खाली ठेवला. काटेवाला म्हणून त्याने साखर कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती, आणि गाडीत ऊस किती हे तो नुसत्या चाकाच्या आवाजावरून सांगायचा. पण हे वजन त्याला चटकन उचलेना.

"म्हणजे तू त्याला मेलेला दाखवलास?"

"नाही, नाही. मेला म्हटलं तर ग्रामकचेरीचा मृत्यूचा दाखला जोडावा लागतो."

"मग?"

"जन्मलेच नाहीत. त्याला कसलाच दाखला लागत नाही."

*

तुकिजान साडेदहाला आला. अंगात बाहीला रफू केलेला पांढरा सदरा, काखेत बांबूच्या पिंजऱ्यात दोन बदकं. पासष्ट साली तो गेला तेव्हा वार्सी बारा वर्षांची होती आणि रुमी सहा. चौदा वर्षं तो आधी तुरुंगात आणि मग बुरू बेटावरच्या कैद्यांच्या छावणीत होता. सुटून आला तेव्हा बहिणीला जाऊन चार महिने झाले होते. त्यानंतरही तालुका ओलांडायची परवानगी मिळायला सव्वादोन वर्षं गेली. गुन्हा काय, तर एका नाटकमंडळीत सोंगाड्या होता, आणि मंडळीचे पडदे ज्यांनी शिवून दिले ते लोक पुढे नको ते ठरले.

"दाजी," तो दारातूनच म्हणाला, "सगळ्या गावाला कावीळ झालीय का? स्टँडवर उतरलो तर मुतारीसुद्धा पिवळी."

विर्यो हसला. मग त्याला हसू आवरेना, आणि मग त्याने तुकिजानचा हात धरला तो कितीतरी वेळ सोडलाच नाही.

"ही वार्सी? नाकाला शेंबूड होता तुझ्या, मी गेलो तेव्हा. पुसला वाटतं. आणि ही रुमी, मास्तरीणबाई. आणि हे जावई. सदऱ्यावरून ओळखलं."

मारसुदीने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग आवाज खाली आणून, अगदी अदबीने, त्याने सगळं सांगितलं. दाखला, रकाना, निरंक. सांगताना तो तीन वेळा माफ करा म्हणाला.

तुकिजानने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी जन्मलोच नाही."

"फक्त कागदावर, मामा."

"अरे, यात वाईट काय? जो जन्मला नाही त्याला मतदान करावं लागत नाही, हजेरी द्यावी लागत नाही. हे आधी सुचलं असतं तर पासष्ट सालीच भरून घेतलं असतं." मग त्याने रुमीकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे बघत होती. "तुला माहीत होतं?"

"हो," रुमी म्हणाली.

"बरं. मला कुठे बसवता?"

बसवायची जागा वार्सीने आधीच ठरवली होती. दुपारनंतर पुढच्या खोलीत आळीतले पुरुष बसणार, तिथे नको. मागच्या स्वयंपाकघरात बायका असतात, तिकडे लष्कराचा सार्जंट यायचा नाही.

"स्वयंपाकघर!" तुकिजान म्हणाला. "बेटावर सहा वर्षांनी मला स्वयंपाकघरात घेतलं होतं, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं. इथे पहिल्याच दिवशी."

विर्योने पुढचा नारळ फोडला. मेव्हण्याला चुलीमागे बसवायला तो कबूल झाला होता. रुमीची नेमणूक होती ती. तो नारळ खवायला बसला आणि तुकिजान त्याच्यासमोर बसून दुसरी वाटी खवू लागला.

*

रुमीने दुपारी एक गंमत पाहिली.

हजाराव्या दिवशी सगळं पांढरं करायचं असतं. नारळाच्या दुधातला भात, चिकट तांदूळ, तांदळाच्या पिठाचे घावन, फक्त गोडाला गुळाच्या रसातली केळी. या दिवसानंतर गेलेला माणूस घरी फिरकत नाही, म्हणून जाताना पोटभर द्यायचं. मारसुदीने भात थोडा पिवळा करता येईल का, असं सुचवलं होतं. वार्सीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो हळदीचा डबा स्वतःच फळीवर ठेवून आला.

तर बायका घावन भाजत होत्या आणि मागच्या दाराने शेजारचा सुतार आला. म्हणाला, विस्तव हवा होता. विस्तव घेतला, आणि जाता जाता तुकिजानच्या खांद्यावर हात ठेवून गेला. थोड्या वेळाने पलीकडचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांना पाणी प्यायचं होतं. त्यांच्या अंगणात विहीर होती. मग भातगिरणीवाला आला, त्याला नुसतंच हात धुवायचे होते. हात धुऊन तो तुकिजानपुढे उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "त्या नाटकात तू गाढवावरून उलटा बसून यायचास, आठवतं?"

"गाढव आठवतं. त्याला सोडून दिलं होतं चौकशीनंतर."

गिरणीवाला तोंडावर हात ठेवून हसला.

सात माणसं येऊन गेली. कोणीही नाव घेतलं नाही, कोणी मोठ्याने बोललं नाही, आणि प्रत्येकाला असं वाटत होतं की आपण एकटेच आलो. रुमी घावन उलटत राहिली. महिन्यापूर्वी मारसुदीने रकाना दाखवला होता, तेव्हा ती म्हणाली होती, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. तिला वाटलं होतं, हे शब्द साधेच आहेत. आता मामा समोर बसून केळी सोलत होता.

"मामा, तुला राग नाही आला?"

"आला असता. पण मी जन्मलो नाही ना." त्याने केळं तिच्या हातात दिलं. "अगं, शाळेत लागलीस तर चाळीस पोरं वाचायला शिकतील. मी काय, एकच. मला वाचता येतं."

मग तो असंच, सहज म्हणाला, "बाकी इथलं ठाणं बरं आहे हं. चहा दिला त्यांनी."

रुमीचा हात थांबला. "कुठलं ठाणं?"

"कुठलं म्हणजे? उतरल्या उतरल्या आधी तिकडेच गेलो. माझ्या ओळखपत्रावर माजी कैद्याची ती दोन अक्षरं आहेत ना, हजेरी दिल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. परवान्यावर शिक्का घेतला, कारण लिहिलं."

"काय लिहिलं?"

"जे खरं ते. सख्ख्या बहिणीचा हजारावा दिवस. सुतिनाह, विर्यो काटेवाल्याची बायको." रुमीचा चेहरा बघून तो थांबला. "का गं?"

*

सार्जंट पोनिमान दुपारच्या नमाजानंतर आला. गावाला सल्ला देण्यासाठी लष्कराने त्याची नेमणूक केली होती, आणि गाव त्याचा सल्ला कधी मोडत नसे. त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, चटईवर मांडी घातली. मौलवींनी प्रार्थना म्हटली, घरातल्या सगळ्यांच्या वतीने जेवण दिल्याचं सांगितलं. पुरुषांनी रिवाजाप्रमाणे चार घास खाल्ले आणि उरलेलं केळीच्या पानात बांधून घेतलं.

मारसुदीने चार घाससुद्धा खाल्ले नव्हते. रुमीने त्याला पडद्याआड बोलावून सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून तो सार्जंटच्या तोंडाकडे बघत होता.

माणसं पांगली तरी सार्जंट बसून राहिला. त्याने लवंगाची सिगारेट पेटवली.

"केळी फार छान झालीत, मारसुदी. घरी थोडी नेईन म्हणतो."

"हो, हो. बांधून देतो."

"एक छोटीशी अडचण आहे. माझ्या टेबलावर दोन कागद आहेत. एकावर तुझी सही आहे, त्यात तुझ्या सासूबाईंना भाऊ नाही. दुसरा आज सकाळचा, त्यात तो स्वतःच उभा आहे, बदकं घेऊन." तो अगदी मायेने हसला. "दोन्ही खरे कसे असतील?"

मारसुदी केळ्यांचं पान बांधत राहिला.

"मला गडबड नको. निवडणुकीच्या तोंडावर वरच्यांनाही नको. मी दोन कागद पुढे पाठवत नाही, एकच पाठवीन. कुठला ते तुम्हीच ठरवा, घरच्या घरी. भाऊ नव्हता, तर या माणसाने खोटं कारण सांगून तालुका ओलांडला, त्याचं काय करायचं ते मी बघतो. भाऊ होता, तर नवीन अर्ज भरून द्या. मुलीची नेमणूक व्हायची नाही, आणि तुलाही पहिला अर्ज चुकून भरला असं लेखी द्यावं लागेल. आळीची वही पुढे तुझ्याकडे ठेवायची का, ते मग बघू. दिवे लागायच्या आत ठाण्यावर द्या. घाई नाही."

केळी घेऊन, चपला घालून, सगळ्यांना नमस्कार करून तो गेला. मारसुदीला वाटलं, त्याने आवाज चढवला असता तर किती बरं झालं असतं.

*

पुढच्या खोलीत आता फक्त घरची पाच माणसं होती. तुकिजान पहिल्यांदा चटईवर बसला.

"यात ठरवायचं काय?" तो म्हणाला. "मी खोटं बोललो. बदकं विकायला आलो होतो, परवाना मिळेना म्हणून बहीण रचली. देतो लिहून. सहा महिने ठेवतील. मला ती जागा माहीत आहे. जेवण वाईट, माणसं चांगली."

"मामा, असं काय बोलता," मारसुदी म्हणाला. पण त्याच्या छातीतून जो श्वास सुटला तो सगळ्यांना ऐकू गेला.

वार्सी म्हणाली, "मामा स्वतःच म्हणतायत तर... म्हणजे मला तसं नको आहे. पण रुमीचं सगळं आयुष्य आहे पुढे. यांचंही आहे."

"बरोबर बोललीस," तुकिजान म्हणाला.

सगळ्यांनी विर्योकडे पाहिलं. विर्योला हो म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. लेक त्याची होती. मेव्हण्याला सवय होती, हासुद्धा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्याला शरम वाटली.

"तुमच्या आईला लिहिता येत होतं," तो म्हणाला.

"नव्हतं, बाबा," वार्सी म्हणाली. "आई अंगठा द्यायची. माझ्या शाळेतसुद्धा."

"सुंदर येत होतं. सहासष्ट साली कारखान्यात सगळ्यांची चौकशी झाली. मला काट्यावरून काढणार होते, मेव्हणा तसला म्हणून. हिने लिहून द्यायचं होतं की भावाशी माझा काही संबंध नाही, पुढेही राहणार नाही. मी तिला म्हटलं नाही की दे. देऊ नको असंही म्हटलं नाही. तिने दिलं." तो थांबला. "घरी आली, भात लावला. त्यानंतर तिने पेन धरलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, मला येत नाही."

 मग तुकिजान बोलला.

"मला दाखवला होता तो कागद. चौकशीत. त्यांना वाटलं मी मोडेन." तो हसला. "दाजी, मी काय पाहिलं सांगू? अक्षर. म्हटलं, ताई जिवंत आहे, हात कापत नाहीये, म्हणजे खाऊनपिऊन बरी आहे. चौदा वर्षांत तिचं तेवढंच पत्र मिळालं मला."

विर्योने तोंड फिरवलं.

रुमी उठली. आतून कोरा अर्ज घेऊन आली. तो मारसुदीच्या पिशवीत असायचाच. तिने पाट समोर ओढला.

"रुमी, थांब," मारसुदी म्हणाला. "नीट विचार कर. एकदा गेला की गेला. हंगामी शिकवायलासुद्धा घेणार नाहीत तुला."

"माहीत आहे."

"पोरी, वेडेपणा करू नकोस," तुकिजान म्हणाला. या वेळी तो गंमत करत नव्हता. "मी दोन वेळा सहज राहून येईन तिथे. तू तुझी शाळा बघ."

"मामा, मी चाळीस पोरांना काय सांगू? खरं लिहा?" तिचा आवाज जरा फाटला. मग तिने पेन उघडलं. "आईची भावंडे. एक. नाव?"

तुकिजानने मान हलवली.

"नाव, मामा."

"तुला माहीत आहे."

तिने लिहिलं. तिचं अक्षर गोल, मास्तरणीचं होतं. जन्मतारीख त्याला ठाऊक नव्हती. भाताच्या लावणीत जन्मलो, असं ताई सांगायची, तो म्हणाला. तिने अंदाजाने साल टाकलं. अटक, होय. वर्ष, पासष्ट. सुटका, एकोणऐंशी. खाली एकच रकाना उरला होता. सदर व्यक्तीशी सध्या संबंध आहे किंवा कसे.

तिने बराच वेळ लिहिलं. मारसुदीने कागद उचलून वाचला.

"आहे. आज जेवायला आले होते," त्याने वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "अगं, नुसतं 'आहे' पुरलं असतं. पुढचं कोणी विचारलं नव्हतं."

"असू द्या, अहो," वार्सी म्हणाली, आणि शिक्क्याची डबी तिने त्याच्यापुढे सरकवली.